महाराष्ट्रातील प्रसूतिसेवा

महाराष्ट्रातील प्रसूतिसेवा म्हणजे महाराष्ट्र राज्यात स्त्रीला गरोदरपणात, बाळंतपणात आणि त्यानंतरच्या सूतिकाकाळात मिळणारी वैद्यकीय सेवा, तसेच ती सेवा तिच्यापर्यंत पोहोचविणारी सरकारी, खासगी व पारंपरिक व्यवस्था होय. नमुना नोंदणी पद्धतीच्या अहवालांनुसार इ.स. २००१-०३ या काळात राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत असे, इ.स. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ पर्यंत खाली आले. त्याच काळात संपूर्ण भारताचे प्रमाण ९७ होते. केरळचा अपवाद वगळता (१९) इतके कमी प्रमाण देशातील कोणत्याही मोठ्या राज्यात आढळत नव्हते. मात्र ही राज्याची सरासरी आहे. मुंबई-पुण्यातील स्त्री, धडगावच्या डोंगरातील स्त्री आणि उसाच्या फडावर राबणारी स्त्री या तिघींना मिळणाऱ्या सेवेत मोठे अंतर आहे. दवाखाना अस्तित्वात असणे आणि अडलेल्या बाईला तो वेळेत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने या विषयाचा विचार केवळ इमारती व खाटांच्या संख्येवरून करता येत नाही.

संज्ञा

गर्भावस्थेतील तपासण्यांना 'प्रसूतिपूर्व सेवा', दवाखान्यातील बाळंतपणाला 'संस्थात्मक प्रसूती' आणि बाळंतपणानंतरच्या देखभालीला 'प्रसूतिपश्चात सेवा' असे म्हणतात. गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी अगर त्यावरील उपचारांशी संबंधित कारणाने झालेला स्त्रीचा मृत्यू म्हणजे 'मातामृत्यू'. अपघाती मृत्यू त्यात धरत नाहीत. बाळंतिणीने सव्वा महिना जपावे अशी मराठी घरांतील जुनी रीत आहे. तिचा आणि या ४२ दिवसांचा कालावधी जवळपास सारखाच भरतो.

बोलभाषेतील शब्दसंपदा या विषयात विशेष नेमकी आहे. मूल अडकून प्रसूती पुढे न सरकणे याला 'बाई अडणे' म्हणतात; 'अडला हरी' या म्हणीतील क्रियापद तेच. गर्भवेष्टनासह बाहेर पडणाऱ्या अवयवाला 'वार' म्हणतात आणि ती न पडल्यास 'वार अडकली' असे म्हणतात. पायांकडून जन्मलेले मूल 'पायाळू' होय. पायाळू माणसाला जमिनीतील गुप्तधन दिसते अशी समजूत प्रचलित होती. अशा जन्मात आई व मूल दोघांच्याही जिवाला धोका असे, आणि जगलेल्या मुलाविषयीचे कुतूहल त्या समजुतीत उतरले असावे. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात हे शब्द वापरले जाणे उपयुक्त ठरते, कारण 'रक्तस्राव झाला का' या प्रश्नाला उत्तर न देणारी स्त्री 'अंगावर किती गेले' असे विचारल्यावर मोकळेपणाने सांगते.

पारंपरिक व्यवस्था

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत महाराष्ट्रातील बहुसंख्य बाळंतपणे घरीच होत. घरातील अंधाऱ्या, वारा न लागणाऱ्या खोलीत बाळंतिणीची बाज असे, खाली शेगडी असे आणि प्रसूती सुईण करीत असे. अनेक गावांत हे काम तथाकथित अस्पृश्य जातींतील स्त्रियांकडे होते. ज्या स्त्रीच्या हातात घरातील नवा जीव प्रथम येई, तिला एरवी त्याच घराचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नसे. बाळंतपणातील विटाळाची कल्पना, म्हणजे सोयर किंवा सुवेर, हे त्याचे एक कारण होय.

सुईणीच्या ज्ञानाचे मूल्यमापन सरसकट करता येत नाही. पोट चाचपून मूल आडवे आहे की नाही हे ओळखणे, कळा देणाऱ्या बाईला धीर देणे, तिला चालते-फिरते ठेवणे, उकिडवे बसवून प्रसूती करणे या गोष्टी अनुभवी सुईणी जाणत. उलट अस्वच्छ विळ्याने वा पात्याने नाळ कापणे, नाळेला राख किंवा शेण लावणे, आईचा चीक काढून टाकणे या प्रथा घातक होत्या. धनुर्वाताने दगावणाऱ्या नवजात बालकांचे प्रमाण त्यामुळे मोठे होते. गरोदरपणातील धनुर्वात प्रतिबंधक लस आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे हा आजार आटोक्यात आला व इ.स. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे घोषित करण्यात आले.

इ.स. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारने दाईंना प्रशिक्षण देण्याचा मार्ग अवलंबिला. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ ही 'पाच स्वच्छतां'ची शिकवण त्या काळातील होय. पुढे धोरण बदलले. प्रसूती घरी नव्हे तर दवाखान्यातच व्हावी असे ठरले आणि दाईचे स्थान मागे पडले. रक्तस्राव किंवा झटके आले असता दाईच्या हाती काहीच नसते, या दृष्टीने हा बदल समर्थनीय होता. तथापि जेथे दवाखाना पोहोचला नाही तेथेही दाईला बाजूला सारले गेले, ही त्यातील उणीव होय.

इतिहास

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात सुरक्षित बाळंतपणाचा प्रश्न प्रथम विधवांच्या संदर्भात जाहीरपणे पुढे आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी इ.स. १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे अथवा तेथेच ठेवावे, अशी त्यामागची व्यवस्था होती. याच गृहात बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. यशवंत पुढे डॉक्टर झाला.

आनंदीबाई जोशी (इ.स. १८६५-१८८७) यांच्या वैद्यकीय शिक्षणाचे मूळही बाळंतपणातच आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला व पुरेशा वैद्यकीय उपचारांअभावी तो दहा दिवसांत दगावला. स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, अशी त्यांची भूमिका होती. इ.स. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि इ.स. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. कोल्हापूर संस्थानातील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. परंतु मायदेशी परतल्यानंतर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचे निधन झाले.

ज्या वर्षी आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय स्त्रिया व मुलांसाठी होते आणि तेथे डॉक्टरही स्त्रियाच असाव्यात असा आग्रह होता. एडिथ पीची या इंग्रज डॉक्टर त्यासाठी इ.स. १८८३ मध्ये मुंबईत आल्या. इ.स. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरिन निधीमुळे देशभर स्त्री डॉक्टर व परिचारिकांच्या शिक्षणास चालना मिळाली. बालविवाहाच्या खटल्यामुळे गाजलेल्या रखमाबाई यांनी लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने (इ.स. १९०९) विधवा व परित्यक्तांना परिचारिका आणि सुईणीचे शिक्षण देण्याचे काम हाती घेतले. उच्चवर्णीय घरांतील स्त्रियांनी हा व्यवसाय पत्करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

गिरण्यांच्या मुंबईत प्रश्नाचे रूप वेगळे होते. गिरणीतील बाई शेवटच्या दिवसापर्यंत साच्यावर उभी राही आणि बाळंतपणात तिची मजुरी बुडे. मुंबई कायदेमंडळात इ.स. १९२८ मध्ये मांडल्या गेलेल्या मातृत्व लाभ विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार मुख्यतः सरकारने आणि काही अंशी मालकाने उचलला पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. इ.स. १९२९ मध्ये झालेला हा कायदा भारतातील या प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. त्यानंतर लाभ द्यावा लागू नये म्हणून बायकांना कामावरून कमी करण्याचे प्रकारही घडले.

परळ येथील नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह इ.स. १९२६ मध्ये सुरू झाले व गिरणगावातील हजारो कुटुंबांचे ते आधारस्थान ठरले. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी मुंबईत काम करताना, वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या मुखाला टाका घालण्याची शस्त्रक्रिया विकसित केली. इ.स. १९५०च्या दशकापासून ती जगभर 'शिरोडकर टाका' या नावाने ओळखली जाते.

भोर समितीच्या अहवालात (इ.स. १९४६) भारतातील मातामृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० असल्याचा अंदाज दिला होता. समितीच्या शिफारशींच्या धर्तीवर इ.स. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. इ.स. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातल्याच, बहुधा निरक्षर व दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. गरोदर बाईची नोंद, तिचा आहार, जोखीम ओळखणे व वेळेत पुढे पाठविणे ही कामे त्या करू लागल्या. आजची 'आशा' ही योजना ज्या प्रयोगांवर उभी आहे, त्यांत जामखेडचे नाव आधी घ्यावे लागते. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास करून इ.स. १९८९ मध्ये असे दाखवून दिले की, बहुसंख्य स्त्रिया स्त्रीरोगांनी ग्रस्त असूनही त्यांच्यापैकी फार थोड्यांना कधी उपचार मिळालेला असतो. 'बायका दवाखान्यात येत नाहीत, म्हणजे त्यांना आजार नाहीत' हा समज त्याने खोटा ठरविला.

सेवेचे स्वरूप

शासकीय व्यवस्थेत सर्वसाधारण भागात ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे अनुक्रमे ३०,००० व २०,००० आहेत. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय अशी चढती रचना आहे. गावपातळीवर आशा, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातील परिचारिका (बोलीत 'नर्सबाई') या तिघींवर गरोदर मातेची भिस्त असते.

पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदवून किमान चार तपासण्या कराव्यात असे भारतातील धोरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने इ.स. २०१६ पासून आठ भेटींची शिफारस केली आहे. तपासणीत वजन, रक्तदाब, लघवीतील प्रथिने व साखर, हिमोग्लोबिन, गर्भाची वाढ व स्थिती पाहतात. धनुर्वात व घटसर्पाविरुद्धची लस देतात, आणि लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या किमान १८० दिवस घ्यायच्या असतात. गोळ्यांनी मळमळते, शौचास काळे होते, 'बाळ काळे होईल' किंवा 'बाळ मोठे होऊन बाई अडेल' अशा भीतीने त्या डब्यात पडून राहतात. गोळ्या वाटल्याचा आकडा आणि पोटात गेल्याचा आकडा यांत फरक पडतो तो येथे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (इ.स. २०१९-२१) राज्यातील सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले.

मातामृत्यूची प्रमुख वैद्यकीय कारणे प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, उच्च रक्तदाब व त्यामुळे येणारे झटके, जंतुसंसर्ग, अडलेली प्रसूती आणि असुरक्षित गर्भपात ही होत. यांपैकी बहुतेकांवर स्वस्त व माहितीतले उपाय आहेत. रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन, झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट, संसर्गासाठी प्रतिजैविके आणि अडलेल्या बाईसाठी सिझेरियन शस्त्रक्रिया. असुरक्षित गर्भपाताबाबत कायद्याचा उपाय झाला. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून इ.स. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा संमत झाला.

तीन विलंब

सेरीन थडियस व डेबोरा मेन या संशोधकांनी इ.स. १९९४ मध्ये मांडलेली 'तीन विलंबां'ची कल्पना या क्षेत्रात सर्वत्र वापरली जाते. पहिला विलंब दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यात, दुसरा तेथे पोहोचण्यात आणि तिसरा पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात होतो. प्रसूतीनंतरचा मोठा रक्तस्राव उपचाराविना सरासरी दोन तासांत जीव घेऊ शकतो. झटक्यांना साधारण दोन दिवस आणि संसर्गाला सुमारे सहा दिवस लागतात. सबब कोणत्या विलंबाने घात केला हे आजारावरही अवलंबून असते.

पहिल्या विलंबात निर्णय क्वचितच गर्भवतीचा असतो. सासू, नवरा, सासरा, कधी गावातील वडीलधारे यांचे मत घेतले जाते. 'आमची पाच बाळंतपणे घरातच झाली' हे वाक्य जुन्या पिढीच्या अनुभवातून येते. त्या पिढीतील ज्या दगावल्या त्या हे वाक्य बोलायला उरलेल्या नसतात. खर्चाची धास्ती, घरी राहणाऱ्या लहान मुलांची सोय आणि पुरुष डॉक्टरचा संकोच ही कारणे त्यात मिसळतात.

दुसरा विलंब रस्त्याचा. नंदुरबारमधील सातपुड्याचे पाडे, पालघर-नाशिकमधील दुर्गम वस्त्या, मेळघाट, गडचिरोलीतील भामरागड परिसर येथे पावसाळ्यात नाले भरले की गाव तुटते. बाजेला किंवा बांबूला कापड बांधून केलेल्या झोळीतून बाईला रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या दरवर्षी छापून येतात. या झोळीला पत्रकारांनी 'बांबूलन्स' असे नाव दिले आहे. नाव चटकदार असले, तरी झोळी धरणाऱ्यांना ओल्या डोंगरवाटेवर कित्येक किलोमीटर चालावे लागते. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगते दवाखाने ठेवण्यात आले आहेत. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात इ.स. २०१४ मध्ये सुरू झाली. गरोदर माता व बालकांना नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाची वाहनेही आहेत. तथापि दूरध्वनीला संपर्क नसलेल्या पाड्यावरून ही वाहने बोलाविण्यासाठीही कुणाला तरी टेकडी चढावी लागते.

तिसऱ्या विलंबाची चर्चा सर्वांत कमी होते. दवाखाना गाठला, पण भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही, डॉक्टर रजेवर आहेत, मग 'पुढे न्या' असे सांगितले जाते. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तेथून जिल्हा रुग्णालय, तेथून महानगर अशी पाठवणी होत असताना प्रत्येक ठिकाणी कागद नव्याने भरले जातात आणि वेळ जातो. संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण वाढल्यानंतर मातामृत्यूंच्या नोंदींत हा विलंब अधिक ठळक होणे स्वाभाविक आहे.

माहेरचे बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची मराठी समाजातील रूढी आरोग्यसेवेच्या दृष्टीने लाभाची आहे, तशीच अडचणीचीही. सातव्या महिन्याच्या सुमारास डोहाळजेवण होऊन मुलगी माहेरी जाते. तिथे कामातून सुटका, आईच्या हातचे अन्न आणि मनमोकळे बोलण्याची सोय मिळते. बाळंतपणानंतर अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, शेक-मालीश यांची बडदास्त राहते. सासरी परतणाऱ्या बाळंतिणीसोबत बाळंतविडा जातो.

अडचण नोंदीची. नाव सासरच्या उपकेंद्रात नोंदलेले, तपासण्या तेथल्या परिचारिकेने केलेल्या आणि प्रसूती मात्र माहेरच्या गावी किंवा दुसऱ्या जिल्ह्यात. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत असेल तर रक्तगट, रक्तदाब, आधीची शस्त्रक्रिया ही माहिती मिळते. ते सासरीच राहिले तर प्रसूतीच्या टेबलावर सर्व नव्याने सुरू होते. सासरच्या आशाच्या यादीतून ती 'बाहेरगावी' म्हणून निघते आणि माहेरच्या आशाच्या यादीत उशिरा चढते. या दोन नोंदींच्या मधल्या काळात, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात, रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. संगणकीय नोंदणी क्रमांकामुळे ही पोकळी काही अंशी भरून निघाली आहे.

ऊसतोड कामगार स्त्रिया

बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी आदी जिल्ह्यांतून लाखो मजूर दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' समजतो व त्या हिशेबाने आगाऊ रक्कम, म्हणजे 'उचल', देतो. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. बाई बाळंतपणासाठी थांबली तर कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. कामावर न गेल्यास दिवसाचा 'खाडा' पडतो व त्याचे पैसे कापले जातात. तपासणीसाठी दवाखान्यात जाणे म्हणजे मजुरी बुडणे आणि वर खाड्याचा भुर्दंड, असा हा हिशेब आहे.

त्यामुळे गरोदर स्त्रिया पहाटेपासून ऊस तोडतात, मोळ्या डोक्यावर वाहून वाहनात चढवितात आणि काही वेळा फडातच किंवा कोपीवर बाळंत होतात. कोपीवर शौचालय, नळ वा आडोसा नसतो. गावाकडच्या आशाच्या वहीत त्या 'स्थलांतरित' असतात आणि कारखान्याच्या परिसरातील आशाच्या कार्यक्षेत्रात त्यांची गणती नसते. सेवा मिळण्याचा हक्क गावाच्या पत्त्याला बांधलेला असल्यामुळे वर्षातील पाच-सहा महिने त्या व्यवस्थेबाहेर राहतात.

इ.स. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचे उघड झाले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि सर्वेक्षणात अशा हजारो स्त्रिया आढळल्या, त्यांपैकी कित्येक तरुण वयाच्या होत्या. लवकर लग्न, लवकर आणि पाठोपाठची बाळंतपणे, बाळंतपणानंतर विश्रांतीशिवाय पुन्हा ओझे उचलणे, त्यातून अंग बाहेर येणे व अंगावरून जाणे, खाड्याची भीती आणि खासगी दवाखान्यात दाखविलेली कर्करोगाची धास्ती अशी ही साखळी होती. गर्भाशयाचा प्रश्न म्हणून गाजलेला हा विषय मुळात न मिळालेल्या प्रसूतिसेवेचाही होता. त्यानंतर मजूर स्त्रियांची हंगामापूर्वी व नंतर तपासणी करण्याचे आणि शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवण्याचे आदेश निघाले.

योजना व कायदे

आदिवासी भागासाठी राज्यात इ.स. १९९५-९६ पासून नवसंजीवनी योजना राबविली जाते. तिच्या अंतर्गत मातृत्व अनुदान योजनेत गरोदर स्त्रीला ४०० रुपये रोख आणि तेवढ्याच किमतीची औषधे देण्याची तरतूद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात 'माहेरघर' बांधून, प्रसूतीच्या काही दिवस आधीच गर्भवतीने सोबतीच्या नातेवाइकासह तेथे येऊन राहावे, ही कल्पना दुसऱ्या विलंबावरचा थेट उपाय आहे. तिचे नावही मराठी मनाला चटकन कळणारे आहे. जेथे स्वयंपाक, सोबत व बुडालेल्या मजुरीची भरपाई यांची नीट सोय झाली तेथे माहेरघरे वापरली जातात; जेथे झाली नाही तेथे ती ओस पडतात. इ.स. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचा चौरस आहार देण्यात येतो.

केंद्र शासनाच्या जननी सुरक्षा योजनेत (इ.स. २००५) महाराष्ट्रातील दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना दवाखान्यात प्रसूतीसाठी ग्रामीण भागात ७०० व शहरात ६०० रुपये मिळतात. प्रारंभी १९ वर्षांखालील आणि दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेल्या स्त्रियांना ही रक्कम मिळत नसे. बाळंतपणात सर्वाधिक धोका ज्यांना, त्याच वगळल्या जात होत्या. ही अट इ.स. २०१३ मध्ये काढण्यात आली. इ.स. २०११ मधील जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण व वाहतूक ही सर्व मोफत केली. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात (इ.स. २०१६) दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी होते.

अन्नसुरक्षा कायद्याने (इ.स. २०१३) मातेला किमान ६,००० रुपयांचा लाभ दिला होता. इ.स. २०१७ पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मात्र पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयेच ठेवण्यात आले. सुरुवातीला अर्जासोबत पतीचे आधार कार्ड मागितले जाई, त्यामुळे परित्यक्ता व अविवाहित माता वगळल्या जात. नंतर ही सक्ती शिथिल झाली, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये देण्याची तरतूद झाली. नोकरदार स्त्रियांसाठी इ.स. १९६१ मध्ये मातृत्व लाभ कायदा झाला आणि इ.स. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा लागू झाली. शेतमजूर, घरकामगार, बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार यांना ही रजा मिळत नाही.

सिझेरियन आणि खासगी सेवा

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार राज्यातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण इ.स. २००५-०६ मधील ६४.६ टक्क्यांवरून इ.स. २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्क्यांवर गेले. याच काळात सिझेरियन प्रसूतीही वाढल्या व इ.स. २०१९-२१ मध्ये त्या सुमारे २५ टक्के झाल्या. खासगी दवाखान्यांत हे प्रमाण सरकारीपेक्षा बरेच अधिक आहे. अर्थात एका बाजूला गरज नसताना शस्त्रक्रिया होतात आणि दुसऱ्या बाजूला गरज असून ती मिळत नाही, असे दोन्ही दोष एकाच राज्यात आढळतात.

प्रसूतिकक्षातील वागणूक हा सेवा नाकारण्याचा किंवा स्वीकारण्याचा मोठा निकष असतो. ओरडणाऱ्या बाईला दरडावणे, टोमणे मारणे, सोबत कुणाला राहू न देणे, आडोशाविना तपासणे या गोष्टी बायका एकमेकींना सांगतात आणि पुढची बाई त्यामुळे उशिरा येते. इ.स. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' या राष्ट्रीय उपक्रमात प्रसूतिकक्षाच्या दर्जासोबत सन्मानपूर्वक वागणुकीचाही समावेश आहे.

मातामृत्यू अन्वेषण

नमुना नोंदणी पद्धतीतून राज्याचे प्रमाण मिळते. जिल्ह्याचे मिळत नाही. म्हणून नंदुरबार वा गडचिरोलीची स्थिती राज्याच्या ३३ या आकड्यावरून ओळखता येत नाही. तिच्यासाठी प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी करावी लागते. अशी पद्धत देशात इ.स. २०१० पासून लागू आहे. मृत्यूची खबर आशा किंवा रुग्णालयाने तातडीने द्यायची असते. त्यानंतर घरी जाऊन कुटुंबीयांशी बोलले जाते आणि त्रास केव्हा सुरू झाला, निर्णय केव्हा झाला, वाहन केव्हा मिळाले, कोणत्या दवाखान्यात किती वेळ गेला हे वेळेसह लिहून घेतले जाते. चौकशीचा हेतू दोषी शोधण्याचा नसून उणीव शोधण्याचा आहे आणि नावे गोपनीय ठेवली जातात. निवडक प्रकरणांचा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आढावा होतो व त्या बैठकीत मृत स्त्रीच्या नातेवाइकांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे. स्थलांतरित स्त्रीचा मृत्यू झाल्यास चौकशी तिच्या मूळ जिल्ह्याने करावी की जेथे मृत्यू झाला त्या जिल्ह्याने, हा प्रश्न ऊसतोडीच्या हंगामात उद्भवतो. त्यासाठी दोन्ही जिल्ह्यांनी माहितीची देवाणघेवाण करणे आवश्यक असते.